ज्या पाण्याची जिवाणी

१

आमच्याकडे पाणी गाळूनच पितात. तासगावच्या बाजूला आमची चार-पाच जैनांची घरं, सगळ्यांची हीच रीत. दुहेरी कापडाचं गाळणं घागरीच्या तोंडावर घालायचं आणि वरून पाणी ओतायचं, एवढं पुष्कळांना माहीत असतं. त्यापुढचं माहीत नसतं. गाळण्यावर जे राहतं ते डोळ्यांना दिसो न दिसो, ते जीव आहेत. गाळणं उलटं करून, गाळलेल्याच पाण्याच्या धारेनं ते अलगद तांब्यात उतरवायचे. त्याला आम्ही जिवाणी म्हणतो. जिवाणी ज्या पाण्यातून आली त्याच पाण्यात परत सोडायची. विहिरीची विहिरीत, ओढ्याची ओढ्यात. वरून फेकायचीही नाही, आपटून जीव जातील. म्हणून जिवाणीच्या तांब्याला दोन कड्या असतात, एक तोंडाशी, एक बुडाशी. दोन्हींना दोर. तांब्या पाण्याला टेकला की बुडाचा दोर ओढायचा, तो आपोआप कलंडतो.

लोक हसतात. हसू देत. त्या वर्षी माझी मुलगी मला परत मिळाली ती याच तांब्यामुळे, आणि हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

दुष्काळ संपून वर्ष झालं होतं. द्राक्षबागेवर मारतात त्या गंधकाच्या धुळीनं आमच्या शालनला खोकला लागला. सात वर्षांची पोर. कोरडा, ओढून आणणारा खोकला, आणि प्रत्येक उबळीच्या शेवटी बारीक शीळ वाजल्यासारखा आवाज. अंगणात दहा पोरं खोकली असती तरी मी तिचा ओळखला असता. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, "हिला महिनाभर डोंगरावर न्या."

मी बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, देवासमोर उभी राहिले आणि शालनचा खोकला जाईपर्यंत गोड सोडलं. साखर नाही, गूळ नाही. घरात द्राक्षांचे ढीग, तर तीही नाहीत.

२

कोयनानगरच्या वसाहतीत ह्यांच्या ओळखीचे एक ओव्हरसियर होते. त्यांनी घर सांगितलं. धरणाच्या पाण्याच्या वर, डोंगराच्या खांद्यावर हंबीरराव आणि चंद्राबाई असं जोडपं राहत होतं. हवापालटाला आलेल्यांना खोली देत. जुनं घर भूकंपात पडलं होतं. हे नवं, पत्र्याच्या छपराचं. आम्हाला मागची खोली मिळाली. सारवलेली जमीन, एक खाट, कोनाड्यात देव ठेवायला जागा, पडवीत माझ्यासाठी वेगळी चूल. मागचं दार उघडलं की परसात आड. अरुंद, दगडी, वर फळ्यांचं झाकण.

हे आम्हाला पोचवून दुसऱ्याच दिवशी परत गेले. द्राक्षं उतरायची वेळ होती.

चंद्राबाई माझ्याहून थोडी मोठी. गोल चेहरा, बोलणं सरळ. तिनं मला पहिल्या दिवसापासून पाटलीणबाई केलं. माझं पाणी गाळणं ती उंबऱ्यात बसून बघत राहिली.

"आमी न गाळता पितो, पाटलीणबाई. मग आमच्या पोटात काय जत्रा भरलीया व्हय?"

"भरली असेल तर तुम्हालाच ऐकू यायची," मी म्हटलं. ती खळखळून हसली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "आन त्ये तांब्यातलं? त्ये कुटं सोडताय?"

"ज्या पाण्यातलं असेल त्यात."

"आडातच सोडा मग. आडाचंच पाणी हाय. आडाचा रहाट लय जड, तुमाला न्हाई जमायचं. म्या सकाळी हंडा भरून दारात ठिवत जाईन."

तिनं तसं रोज ठेवलं. लखलखीत घासलेला हंडा, पाणी गार आणि नितळ. मी गाळायची, जिवाणी तांब्यात उतरवायची, फळ्या सरकवून आडात सोडायची. चंद्राबाई दर वेळी जवळ येऊन उभी राहायची. मला वाटलं, बाई भाविक आहे. मुलंबाळं नव्हती त्यांना. दोरीवर मात्र एक लहान मुलीचा परकर वाळत घातलेला असे. आल्या-गेल्या कुणाचा राहिला असेल, असं मी धरून चालले.

तो परकर कधी वाळलेला मी पाहिला नाही.

३

पहिल्या दिवशी दोर संपत आला तेव्हा कुठे तांब्या टेकला. डोंगरावरचा आड खोल असणारच. टेकल्याचं हाताला कळलं, बुडाचा दोर ओढला, खालून चुळुक असा आवाज आला. झालं.

चार-सहा दिवसांनी दोराची मधली गाठ माझ्या हातातच होती आणि तांब्या टेकला. मी परत वर घेतला, परत सोडला. पाणी वर आलं होतं.

फाल्गुनात पाणी वर येत नाही. आमच्याकडे त्या महिन्यात विहिरी तळ दाखवतात. पण डोंगराचे झरे आपल्याला काय माहीत, असं मी स्वतःलाच सांगितलं. देवाची कृपा म्हणून हातही जोडले.

त्याच दिवशी शालन पडवीत बसून चिंचोक्यांनी खेळत होती. मी आडावर वाकले होते. खोकल्याची उबळ आली आणि शेवटी बारीक शीळ.

"शालन, आत ये गं, वारं लागतंय."

"मी नाही खोकले," ती म्हणाली.

मी वळून पाहिलं. तिच्या तोंडात बोरं होती, दोन्ही गाल फुगलेले.

आवाज घुमतो आडात. पोर इथे खोकली की तिथे घुमणार. हे मी मनात दोन-तीनदा म्हटलं. घुमण्याआधी खोकावं तर लागतं, एवढं मनानं पुढे म्हटलं नाही.

४

शालनचा खोकला कमी होत गेला. दिवसातून दोनदा, मग एकदा, मग दिवसभर नाही. मी ह्यांना कार्ड टाकलं, गुण येतोय म्हणून. किती आनंद झाला होता मला! पोरीच्या पाठीवर हात ठेवून झोपायची आणि तो हात रात्रभर शांत राहायचा.

पण हात गार पडायचा. पाठ गारच असायची तिची. वेणी घालायला घेतली तर केस ओले. "डोक्यावरून पाणी घेतलंस का गं?" तर मान हलवून नाही. बोटांची टोकं सुरकुतलेली, खूप वेळ धुणं धुतलेल्या बाईसारखी. आणि दुपारी ती चंद्राबाईच्या चुलीशी जाऊन बसू लागली.

एकदा मी भाकरी थापत होते आणि भिंतीपलीकडून ऐकू आलं, "आय, मला भूक लागलीया."

मला वाटलं शेजारपाजारची कुणी पोर आली. त्या डोंगरावर शेजार नव्हता. मी उठून पाहिलं. शालन चंद्राबाईच्या मांडीशी बसली होती.

"असं काय बोलतेस गं?"

"कसं?" शालन म्हणाली.

चंद्राबाई हसली. "पोरं जिथली हवा तिथलं बोलत्यात, पाटलीणबाई. एवढं काय! खोकला ग्येला न्हवं? मग घ्या, गोड करा तोंड." तिनं तळहातावर गुळाचा खडा धरला होता. "तुमचा नेम फिटला की आता."

मी हात पुढे केला होता. खोटं कशाला बोलू? माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. त्याच वेळी परसातून, फळ्यांच्या झाकणाखालून, खोकला आला. ओढून आणलेला. शेवटी शीळ. शालन माझ्या डोळ्यांसमोर, ओठ मिटलेले. चंद्राबाईनं मान वळवली नाही. पापणीसुद्धा हलली नाही तिची.

मी हात मागे घेतला.

"माझा नेम खोकला जाण्याचा आहे, चंद्राबाई. खोकला अजून ऐकू येतोय."

तिचा तळहात तसाच राहिला, गुळासकट. मग तिनं मूठ मिटली.

"तुमच्या कानाला येत आसंल," ती म्हणाली.

५

दुसऱ्या दिवशी हंडा येण्याची वाट न बघता मी पहाट फुटल्याबरोबर घराबाहेर पडले. शालनला उठवून बरोबर घेतलं. वाटेनं खाली थोडं गेलो तर समोरून हंबीरराव कावड घेऊन चढताना दिसले. दोन्ही बाजूंना पत्र्याचे डबे, काठोकाठ पाणी. फौजेत होते पूर्वी. अजून पाऊल मोजून टाकायचे. मला बघून त्यांनी कावड खाली ठेवली, पण नजर वर केली नाही.

"हे पाणी कुठलं, हंबीरराव?"

"धरणाचं."

"जनावरांना?"

"समद्यास्नी. तुमच्या हंड्यात बी ह्येच."

"आणि आड?"

"आडाला कुटलं पानी, वैनी? भूकंपात झरा फुटून ग्येला. तवापासनं कोरडा ठाक हाय त्यो."

खाली धरणाचं पाणी पसरलं होतं. दुष्काळात ओसरलेलं अजून पुरतं भरलं नव्हतं. काठाला चिखलातून एका घराचा दगडी उंबरा वर आला होता. हंबीरराव त्याच्याकडेच बघत होते.

"त्यो आमचा, वर यायच्या आदीच्या घराचा," ते म्हणाले. "पानी चढलं तवा आमी समदं वर आनलं. भांडी, ढोरं, देव. समदं आनलं म्हनून म्हनत हुतो." त्यांनी कावड खांद्यावर घेतली. "त्या आडात तुमचा तांब्या टेकतो व्हय?"

"टेकतो."

"कशाला टेकतो त्ये म्या कवा बगितलं न्हाई. तिनं मला झाकान काडू दिलं न्हाई."

ते वर निघून गेले. मी तिथेच खडकावर बसले. शालनचा हात माझ्या हातात होता आणि तो मला दगडासारखा गार लागत होता. मी कुठल्या पाण्याचे जीव कुठे नेऊन सोडले? रोज, नेमानं, मंत्र म्हणून, तांब्या तांब्या करून मी धरणाच्या पोटातलं काहीतरी वर त्या घरात पोचवत होते. दुसऱ्या कुणी गाळण्यावरचं कुठेही ओतून दिलं असतं. मीच तेवढी जपून, न दुखवता, परत सोडणारी. म्हणून तर तिनं मला आडच दाखवला.

रडू आलं नाही. राग आला. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता, आणि त्या रागानं मला फार हुशारी आली.

६

मी दुपारची वाट पाहिली. ऊन डोक्यावर आल्याशिवाय आडात उजेड पडत नाही, आणि जे करायचं ते मला उजेडात करायचं होतं.

शालनला पडवीत, माझ्या नजरेसमोर, खांबाला टेकून बसवलं. फळ्या बाजूला केल्या. पाणी हाताला लागेल एवढं वर आलं होतं. दोराची गरजच नव्हती.

मी वाकले. पाण्यात माझा चेहरा दिसला, कुंकू, मागे आभाळ. आणि माझ्या खांद्याशी शालनचा चेहरा. मी चटकन मागे पाहिलं. शालन पडवीत खांबालाच होती. परत पाण्यात पाहिलं. माझ्या खांद्याशी, पाण्याच्या आतल्या बाजूनं, माझी शालन. ती मला बघत होती. ती खोकली. पाण्यावर छोटे बुडबुडे आले आणि फुटले, आणि शीळ वाजली.

तिच्या मागे, आणखी खाली, कुणीतरी तिचा परकर धरला होता. बोटं तेवढी दिसली.

मी किंचाळले नाही. मी आई आहे. मी घागर बुडवली.

"पाटलीणबाई!" चंद्राबाई धावत आली. "काय करताय? नगा, त्ये पानी नगा हलवू!"

"गाळतेय. दुसरं काय करते मी रोज?"

घागर भरून वर आली. मी दुसऱ्या घागरीवर दुहेरी गाळणं घातलं आणि ओतू लागले. णमोकार मंत्र म्हणत होते, मोठ्यानं. पाणी खाली जात होतं आणि गाळणं जड होत होतं. कापड मधोमध लोंबलं, ताणलं. आत दिसायला काही नव्हतं, पण गाठोड्यासारखं वजन.

चंद्राबाईनं माझा हात धरला. तिचा हात ऊबदार होता.

"माजी हाय ओ ती. पानी चढलं तवा ग्येली, लय वर्सं झाली. एकटी हाय खाली. एक दोन दिसांचं काम हुतं. मग ती हितंच ऱ्हाईल, तुमी घरला जावा. तुमाला दुसरी हुईल. माजं काय हुनार आता?"

"चंद्राबाई, तुमच्या पोरीसाठी मी रोज बस्तीत दिवा लावीन. मरेपर्यंत लावीन. पण माझी पोर देणार नाही. हात सोडा."

"न्हाई सोडत."

"तर असंच धरून राहा. मला दुसरा हात आहे."

पडवीतून आवाज आला, "आय, तिला सांग न्हवं, मला हितंच ऱ्हायचंय." तो शालनच्या तोंडातून आला. मी तिकडे पाहिलंच नाही.

हंबीरराव गोठ्यातून बाहेर आले होते. ते बायकोजवळ आले, तिची बोटं एकेक करून माझ्या मनगटावरून सोडवली. "जाऊ दे त्यास्नी," ते म्हणाले. "पोरीला हितं आडात कोंडून काय करशील, चंद्रे? तिचं आंगन तिकडं हाय."

चंद्राबाई खाली बसली ती आडाच्या कठड्याला मिठी मारूनच.

७

गाळणं उलटं करून मी जिवाणी तांब्यात उतरवली. वीतभर तांब्या, पण कडेवरच्या पोराएवढा जड. माझी शालन गाळलेल्या पाण्यात राहिली होती; ते पाणी फिरकीच्या तांब्यात घेतलं, झाकण घट्ट केलं, पदरात बांधलं. एका हातात जिवाणी, दुसऱ्या हातात शालनचं मनगट. ती ओढत होती. तोंडानं तिकडचं बोलत होती, शिव्यासुद्धा, ज्या तिनं कधी ऐकल्या नव्हत्या.

"ओढ," मी म्हटलं. "तुला न्यायचंच आहे. दोघींनाही."

खाली धरणाच्या काठाला, त्या दगडी उंबऱ्यावर उभी राहून मी तांब्या पाण्यात सोडला. फेकला नाही. राग होता तरी फेकला नाही. जिवाला इजा करायची नाही एवढंच तर शिकले आहे. तांब्या टेकला. बुडाचा दोर ओढला. तो कलंडला.

दोर सैल पडायला हवा होता. तो ताठ झाला. खालून कुणी धरला होता, आणि त्याच क्षणी माझ्या दुसऱ्या हातातली शालन तेवढ्याच जोरानं पाण्याकडे कलली. एक ओढ इकडून, एक तिकडून, मध्ये मी. पाय उंबऱ्यावर घसरत होते. मनगट सोडलं असतं तर दोर सुटला असता, असं काहीतरी मला आतून सांगत होतं. चंद्राबाईच्याच आवाजात सांगत होतं.

"बाळ," मी पाण्याला म्हटलं, "तुझं घर आलं बघ. हा तुझा उंबरा. मी तुला आपटलं नाही, टाकलं नाही. आता माझ्या लेकीचा परकर सोड."

किती वेळ गेला ते मला माहीत नाही. दोर सैल झाला. तांब्या वर आला तो आतून कोरडा होता.

शालन मटकन चिखलात बसली. मी पदर सोडला, फिरकी उघडली, आणि आडातलं ते गाळलेलं पाणी तिच्या ओठांना लावलं. ती सगळं प्यायली.

८

आम्ही घराकडे परतलोच नाही. अंगावरच्या कपड्यानिशी कऱ्हाडकडे जाणारी एसटी पकडली. शालन खिडकीशी डोळे मिटून होती. गार की गरम, मला हात लावून बघायचं धैर्य नव्हतं. दुपारभर जे केलं ते करणारी मी, आणि एवढं जमेना. पाटण गेलं, ऊस दिसू लागला. तरी तिचा आवाज नाही. कोणाला घेऊन चालले आहे मी?

कऱ्हाडच्या अलीकडे ती हलली. छाती वर आली. आणि खोकली. ओढून आणलेला कोरडा खोकला, शेवटी बारीक शीळ. मग डोळे उघडून म्हणाली, "आई, खिडकी लाव ना, वारं लागतंय."

मी बसमध्ये सगळ्यांदेखत हात जोडले. शेजारची म्हातारी घाबरली. "आवं, पोरगी खोकतीया आन तुमी हसताय काय? गुळाचा खडा हाय माज्याकडं, घाला तिच्या तोंडात. तुमी बी घ्या."

"तिला द्या, आजी. मला चालत नाही अजून."

पुढचं वर्षभर शालन खोकत होती. मिरजेची औषधं, अडुळसा, बागेपासून लांब बहिणीकडे ठेवणं, सगळं केलं. बस्तीत एक दिवा जास्तीचा लावते, तो कुणाचा ते ह्यांनी विचारलं नाही. हळूहळू खोकला उतरला. पर्युषणानंतर एक अख्खा महिना ती खोकली नाही. सासूबाई म्हणाल्या, "आता तरी गोड खा." मी गुळाचा खडा हातात घेतला आणि शालनच्या केसांना हात लावला. कोरडे होते. पाठ ऊबदार होती.

मग मी आमच्या विहिरीवर गेले. कठड्यावर ओणवी झाले, डोकं आत घातलं आणि कान देऊन उभी राहिले. खाली एक पारवा घुमत होता. पाण्याचा थेंब पडला. आणखी थोडा वेळ थांबले. दुसरं काही नव्हतं.

तेव्हा गूळ तोंडात घातला.